लोकसहभागी पुनर्बांधणी (किल्लारी)

नैसर्गिक आपत्तीनंतर घरे व गाव उभारताना निर्णय, श्रम आणि देखरेख या तिन्ही अंगांनी आपद्ग्रस्तांनी घेतलेला वाटा. महाराष्ट्रात या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (सध्याचा धाराशिव) जिल्ह्यांत झाला.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी हा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. भूकंपाचे परिमाण 6.2 ते 6.4 दिले जाते. मृतांचा शासकीय आकडा 7,928 असून इतर अंदाज 10 हजारांच्या जवळ जातात. बाहेरची मदत पोहोचण्यापूर्वीचे उपसाकाम वाचलेल्यांनी व शेजारच्या गावकऱ्यांनी केले.

कारणाविषयी मतभेद आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर 1992 मध्येच किल्लारी परिसरात धक्क्यांची मालिका जाणवली होती. माकणी येथील निम्न तेरणा जलाशयामुळे भूकंप उद्भवला असे काही अभ्यासकांनी मांडले. इतरांनी बेसाल्टाखालील (काळ्या अग्निज खडकाखालील) जुन्या भ्रंशाची, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेची, पुन्हा हालचाल झाली असे म्हटले. किल्लारीजवळ 617 मी. खोल घेतलेल्या वेधनछिद्रात बेसाल्टची जाडी सुमारे 338 मी. भरली व थरांत काही मीटरचे विस्थापन दिसले. तेर (धाराशिव जिल्हा) येथील पुरातत्त्वीय उत्खननांतही बहुधा दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असल्याचे सांगितले जाते. हे पुरावे पाहता जुन्या भ्रंशाचे मत अधिक ग्राह्य वाटते. जलाशयाचा काही वाटा असण्याची शक्यता मात्र त्याने संपत नाही.

पुनर्बांधणीच्या दृष्टीने भ्रंशापेक्षा भिंतीचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. या भागातील भिंती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या व दोन तोंडांच्या असत. मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती भरलेली असे. दोन्ही तोंडे बांधून ठेवणारे आरपार दगड सहसा नसत. वर माळवद, म्हणजे लाकडावर माती पसरलेले सपाट छत. गळती थांबवण्यासाठी त्यावर वर्षानुवर्षे पांढरी माती टाकली जाई, त्यामुळे छताचे वजन वाढत गेले. हादऱ्याने भिंतीची तोंडे आत-बाहेर फुटली. पुष्कळ घरांत खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा उभा राहिला आणि माणसे भिंतींच्या दगडांखाली व मातीखाली गाडली गेली. हे लक्षात घेतल्याशिवाय पुढची दुरुस्ती समजत नाही : भिंतीला छिद्रे पाडून त्यांत सळई व काँक्रीटचे आरपार बंध घालणे, चौकटींच्या वर सलग पट्टा बांधणे, माळवदावरची जादा माती उतरवणे.

जागतिक बँकेच्या कर्जाने राबवलेल्या आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात 52 गावांचे स्थलांतर झाले. तेथील घरे जमीनधारणेनुसार 250, 400 किंवा 750 चौ. फुटांची होती व मुख्यतः ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. गल्ल्या सरळ आखल्या गेल्या, पण वाड्यांची जुनी वस्तीरचना आणि शेजार विस्कटला, शेत लांब पडले. कमी नुकसानीच्या गावांत सुमारे 2 लाख घरांची दुरुस्ती वा पुनर्बांधणी मालकांवर सोपवण्यात आली. अनुदान हप्त्यांनी मिळे, साहित्य व गवंडी मालकाने पाहायचे. सुरुवातीला प्रतिसाद थंड होता. दगडाची धास्ती बसलेल्या माणसाला त्याच भिंतीत पुन्हा झोपायला सांगणे सोपे नव्हते. अनेकांनी पत्र्याचा आसरा पत्करला. अभियंत्यांच्या समजावणीने ही भीती फारशी हटली नाही.

याच टप्प्यावर गावोगाव संवाद सहायक नेमले गेले. त्यांत महिला मंडळांतील बायका मोठ्या संख्येने होत्या. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांचे संघटन केले. अनुदानाचा हप्ता कशावर खर्च झाला हे विचारणे, गवंड्याने आरपार बंध खरेच घातला का हे भिंतीजवळ उभे राहून पाहणे, विधवा व एकट्या राहणाऱ्या बायकांची प्रकरणे कचेरीपर्यंत नेणे ही कामे त्यांनी केली. या प्रयोगाचे श्रेय कधी जागतिक बँकेला, कधी राज्य प्रशासनाला दिले जाते. चौकट आणि पैसा तिकडून आला हे खरे. परंतु रखडलेली दुरुस्ती हलली ती प्रामुख्याने या बायकांमुळे, असे मानणे अधिक न्याय्य होईल.

शिक्षणाच्या बाजूने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुले पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची व राहण्याची जबाबदारी घेतली. 2001 च्या भूज भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या ग्रामीण स्त्रिया गुजरातेत गेल्या आणि तेथील बायकांना आपला अनुभव सांगितला.