झडपनियंत्रण, हायब्रिड मोटारींतील

झडपनियंत्रण : सिलिंडरमधील झडपा केव्हा, किती आणि किती वेळ उघडायच्या हे ठरविणारी एंजिनाची यंत्रणा. ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून तुर्भ्यापर्यंतच्या गॅरेजांत ‘झडप’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तेथे ‘व्हॉल्व’ म्हणतात, आणि आवाज येऊ लागला की ‘टॅपेट (झडपेला ढकलणारा भाग) वाजतोय’. येथे ग्रांथिक शब्द ठेवला आहे.

चार-स्ट्रोक एंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप सेकंदाला ७५ वेळा उघडते. झडप कॅम (फिरत्या दांड्यावरील उंचवटा) उघडतो आणि स्प्रिंग मिटते; या वेगात स्प्रिंग मागे पडण्याचा धोका असतो. त्यावर झडप दुसऱ्या कॅमने ओढून बंद करण्याची ‘डेस्मोड्रोमिक’ पद्धत निघाली. तिच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. १९१४ च्या डेलाज शर्यती मोटारीत ती होती. मात्र तिला खरे यश १९५४ मध्ये मर्सिडीजच्या डब्ल्यू १९६ ने मिळवून दिले. रनॉने १९८६ मध्ये फॉर्म्युला वन एंजिनात स्प्रिंगऐवजी दाबाखालील वायू वापरला.

हायब्रिड (एंजिन व विद्युत मोटर दोन्ही असलेल्या) मोटारींच्या संदर्भात ‘अ‍ॅटकिन्सन चक्र’ ही संज्ञा सर्रास येते. टोयोटा प्रियससारख्या (१९९७) मोटारीत आत घेणारी झडप उशिरा मिटते, काही हवा परत जाते. संपीडन आखूड व प्रसरण लांब होते. इंधन वाचते, पण कमी फेऱ्यांवर जोर घटतो. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत ही उणीव जाणवत नाही, कारण तो जोर विद्युत मोटर पुरवते. परंतु जेम्स अ‍ॅटकिन्सन यांच्या १८८० च्या दशकातील एंजिनात हे काम दांड्यांच्या जोडणीने होई, झडपेच्या विलंबाने नव्हे. विलंबाची कल्पना राल्फ मिलर यांच्या १९५७ च्या पेटंटात आढळते, जरी त्यांच्या रचनेत हवा दाबून भरली जाई. त्यामुळे मिलर हे नाव अधिक रास्त वाटते. रूढी मात्र अ‍ॅटकिन्सन या नावाच्या बाजूने आहे.

अतिवेगवान मोटारींत विद्युत मोटरचा हाच आधार इंधन वाचविण्याऐवजी वेगासाठी घेतात. फेरारीच्या लाफेरारी मोटारीत (२०१३) खालच्या फेऱ्यांचा भार १६३ अश्वशक्तीच्या मोटरवर सोपवून ८०० अश्वशक्तीचे व्ही-१२ एंजिन वरच्या फेऱ्यांसाठी जुळविले आहे. स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीने २०२० मध्ये जेमेरा या हायब्रिड मोटारीसाठी जाहीर केलेल्या दोन लिटर, तीन सिलिंडर, ६०० अश्वशक्तीच्या एंजिनात तर कॅमशाफ्टच (कॅमचा दांडा) नाही. प्रत्येक झडप संगणकाच्या आज्ञेने वायुदाबावर स्वतंत्रपणे हलते. २०२३ मध्ये त्याच मोटारीसाठी व्ही-८ चा पर्याय आला, आणि त्यात कॅमशाफ्ट परतला.