जर्मन ‘या’ आणि ‘डॉख’: आपल्या ‘ना’ आणि ‘की’चे चुलतभाऊ

जर्मन शिकताना पहिल्या दिवशी कळतं की ‘या’ (ja) म्हणजे हो. मग तुम्ही जर्मनीत जाता आणि ट्राममध्ये शेजारची बाई फोनवर प्रत्येक वाक्यात या घालत असते, कशालाच हो म्हणत नसते, आणि मधूनच ‘डॉख’ (doch) पण टाकते. डिक्शनरीत बघावं तर डॉख म्हणजे ‘तरीपण’. कसलं तरीपण?

तर हे शब्द वाक्यात काही नवी माहिती देत नाहीत, समोरच्याला काय माहितीये असं आपण धरून चाललोय ते सांगतात. जर्मनमध्ये यांना मोडालपार्टिकेल किंवा आबट्योनुंग्सपार्टिकेल म्हणतात. पूर्वी यांना फारसा मान नव्हता, जर्मन लेखनशैलीवर पुस्तक लिहिणाऱ्या लुडविग रायनर्सने तर यांना भाषेच्या फरमधल्या उवा म्हटलं होतं, नीट अभ्यास सुरू झाला तो 1969 मध्ये हाराल्ड वाइट यांचं पुस्तक आल्यावर. आता मानहाइमच्या जर्मन भाषा संस्थेत रोजच्या गप्पांची रेकॉर्डिंगं जमवून ठेवलीयेत, ती ऐकली की कळतं या ‘उवा’ काढल्या तर बोलणं किती कोरडं होईल.

आता फरक. ‘एस हाट या गेरेग्नेट’ म्हणजे ‘पाऊस पडला ना’, तुलाही माहितीये, मलाही, वाद नाही, पुढे बोलू. ‘एस हाट डॉख गेरेग्नेट’ म्हणजे ‘अरे पाऊस पडलाय की!’, आणि तू पाइप घेऊन झाडांना पाणी कसलं घालतोयस? माहिती दोन्हीकडे तीच. पण डॉखमध्ये समोरचा ते विसरलाय किंवा उलटं वागतोय असा सूर असतो, ‘या’मध्ये मात्र दोघं एकाच बाजूला. म्हणून डॉख चुकीच्या जागी पडलं की बिचाऱ्याला उगाच टोचतं.

‘या’चं अजून एक काम, आश्चर्य. ‘डू बिस्ट या शोन डा!’, अरे, आलास पण तू! इथे आधीपासून माहिती असण्याचा प्रश्नच नाही, आत्ता डोळ्यासमोर दिसतंय तेच. इथे आपला ‘ना’ चालत नाही, ‘पण’ लागतो.

आणि आग्रह मात्र डॉखचा. ‘कॉम डॉख राइन’ म्हणजे ‘ये की आत’, ‘नेमेन झी डॉख नॉख आइन श्ट्युक’ म्हणजे ‘घ्या की अजून एक तुकडा’. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला हे शिकवावंच लागत नाही! आज्ञेत ‘या’ आलं आणि त्यावर जोर दिला तर थेट दम, ‘कॉम या निश्ट त्सू श्पेट’, उशीर केलास तर बघ.

सगळ्यात जास्त गोंधळ उत्तरात. माझंच, ऑफिसात एकाने विचारलं, ‘कॉम्स्ट डू निश्ट मिट?’, येत नाहीयेस का? मी जोरात ‘या’ म्हणालो. म्हणजे येतोय, माझ्या मते. तो दारातच उभा राहून विचारतोय, ‘या’ म्हणजे येतोस की नाही येत? नकारार्थी प्रश्नाला उलटं उत्तर द्यायचं तर जर्मनमध्ये एकटा डॉख लागतो, ‘या’ नाही. आपल्याकडे ‘भूक नाहीये का?’ला ‘आहे की!’ म्हणतो ना, तेच.

जागा पण लक्षात ठेवा, आपले ना-की बहुतेक वेळा शेवटी लटकतात, हे दोघं क्रियापदानंतर वाक्याच्या पोटात बसतात, आणि बहुतेकदा जोर न देता. डॉखवर जोर दिला की अर्थच फिरतो, ‘एर कॉम्ट डॉख’ जोरात म्हटलं तर ‘नाही नाही म्हणत होता, पण येतोय तो’.

दोन्ही एकत्र पण येतात. जर्मन आईने तिसऱ्यांदा जेवायला हाक मारली की आतून पोरगं ओरडतं, ‘या डॉख!’, हो गं बाई, ऐकलं.