रोमन युद्धातले कैदी आणि जिंकलेले लोक

रोमन सैन्यापुढे हरलेल्यांचं पुढे काय व्हायचं, हे बऱ्याचदा ते शरण कधी आले यावर ठरायचं. तट फोडायचा ओंडका भिंतीला लागायच्या आत गाव हवाली केलं तर साधारणपणे जीव वाचायचा, नंतर सगळी सेनापतीची मर्जी.

आताच्या बेल्जियमकडच्या अदुआतुकी टोळीचंच बघा. इ.स.पू. ५७ मध्ये रोमन सेनापती सीझरने त्यांना वेढा घातला, लांबवर लाकडी बुरूज उभा केला, तेव्हा हे तटावरून खिदळत होते की एवढेसे बुटके लोक हा डोलारा हलवणार कसे, पण तो खरंच सरकत आला आणि यांची टरकली. शरण आले, शस्त्रं खंदकात टाकली, पण एक तृतीयांश लपवून ठेवली आणि रात्री हल्ला केला. सुमारे ४००० मेले, दुसऱ्या दिवशी अख्खं गाव एकाच सौद्यात विकलं आणि घेणाऱ्यांनी डोकी मोजून आकडा सांगितला, ५३,०००. हे सीझरने स्वतःच लिहून ठेवलंय. आकडा फुगवलेला असेलही, पण त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलेलं दिसत नाही!

गुलामांचे व्यापारी सैन्याच्या मागेच फिरायचे, त्यामुळे एवढ्या लोकांना पोसत बसायची कटकट नसायची, जागेवरच रोख पैसे.

शरण जाऊनही भागायचंच असं नाही. इ.स.पू. १६७ मध्ये मॅसेडोनियाचं युद्ध संपल्यावर ग्रीसच्या वायव्येकडच्या एपिरसमधल्या गावांना आधी सोनं-चांदी बाहेर आणायला लावलं आणि मग ठरल्या वेळी ७० गावं एकदम लुटून दीड लाख माणसं गुलाम केली. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पडल्यावर १७ वर्षांवरच्या बऱ्याच जणांना इजिप्तला सक्तमजुरीवर धाडलं, काहींना प्रेक्षकांसमोर आखाड्यात मरायला, त्याहून लहान असलेल्यांना विकलं.

राजे-सरदारांना विजयाच्या मिरवणुकीसाठी जपून ठेवायचे. गॉलचा (आताच्या फ्रान्सकडचा) सरदार व्हर्सिंजेटोरिक्स सुमारे सहा वर्षं कैदेत होता, इ.स.पू. ४६ ची मिरवणूक झाली आणि त्याला मारलं. त्याच वर्षी मिरवलेला उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाचा छोटा राजपुत्र जुबा मात्र रोममध्येच शिकला-वाढला आणि पुढे रोमचा पहिला सम्राट ऑगस्टसने त्याला शेजारच्या मॉरेटेनियाचा राजा केलं.

आणि स्वतःचे सैनिक पकडले गेले तर? इ.स.पू. २१६ मध्ये इटलीतल्या कॅनीच्या पराभवानंतर कार्थेजचा सेनापती हॅनिबल खंडणी घेऊन कैदी सोडायला तयार होता, सिनेटने, म्हणजे रोमच्या कारभारी सभेने, साफ नाही म्हटलं. उलट सरकारी पैशाने ८००० गुलाम विकत घेऊन त्यांच्या हाती शस्त्रं दिली, आणि रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो की कैदी सोडवणं त्यापेक्षा स्वस्तात पडलं असतं.