पार्श्वभूमी : युरिया स्वस्तच का राहिला, आणि ४:२:१ चा घोळ

शेणखत, तळ्याचा गाळ, कडधान्याची बेवड (आधीच्या पिकाचा पुढच्या पिकाला होणारा फायदा) हे सगळ्यांना ठाऊक आहे. हरितक्रांतीही. युरिया जास्त आणि बाकीची खतं कमी, हे आजचं दुखणं समजायचं तर ऑगस्ट १९९२ कडे बघावं लागतं.

त्या महिन्यात स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाशाची (पोटॅशियम) खतं सरकारी दरनियंत्रणातून मोकळी केली गेली. नत्र (नायट्रोजन) देणारा युरिया मात्र नियंत्रणातच राहिला, उलट १० टक्क्यांनी स्वस्त झाला. डीएपी (स्फुरदाचं मुख्य खत), पोटॅश महागलं आणि शेतकऱ्यानं परवडलं ते टाकलं. देशातल्या वापराचं नत्र:स्फुरद:पालाश हे प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९:२.४:१ होतं, ते वर्षभरात ९.५:३.२:१ वर गेलं. याचं खापर शेतकऱ्याच्या अज्ञानावर फोडणं मला अन्यायाचं वाटतं.

तेव्हापासून प्रत्येक चर्चेत नत्र, स्फुरद, पालाशाचं ४:२:१ हे ‘आदर्श’ प्रमाण पुढे येतं. मुळात हे तृणधान्यं डोळ्यांसमोर ठेवून धरलेलं ढोबळ माप. तुरीची शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी, म्हणजे अगदी उलटी. सुरू उसाला (हिवाळ्याच्या अखेरीस लावलेल्या) हेक्टरी २५०:११५:११५ किलो. या दोन्हींत ४:२:१ कुठे बसतं? जमिनीचंही तेच. काळ्या रानात पालाश मुळातच बऱ्यापैकी असतं. चुनखडीच्या जमिनीत टाकलेला स्फुरद चुन्यात अडकतो, कोकणच्या जांभ्यात तो लोह-ॲल्युमिनियम धरून ठेवतं. देशाच्या सरासरीवरून एका बांधाचा डोस ठरत नाही.

१ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, म्हणजे खतात कोणतं अन्नद्रव्य किती त्यावर अनुदान. चूक सुधारायची ती संधी होती, पण युरिया पुन्हा बाहेरच ठेवला. २०१५ मध्ये सगळ्या युरियाला निमलेप (कडुनिंबाच्या तेलाचा लेप) सक्तीचा झाला, २०१८ मध्ये गोणी ५० वरून ४५ किलोवर आली. दर जागचा हलला नाही. दुकानात आजही ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, तर डीएपीची ५० किलोची १,३५० ला.

शेतकऱ्याला मातीच्या तपासणीचे आकडे देणारी मृदा आरोग्य पत्रिकाही २०१५ चीच. त्यात सामू (आम्ल-विम्लता), सेंद्रिय कर्बापासून जस्त, बोरॉनपर्यंत १२ घटक असतात. कल्पना चांगलीच होती, पण नमुने गटागटानं घ्यायचं ठरलं: बागायतीत अडीच हेक्टरला एक, जिरायतीत दहा हेक्टरला एक. दहा हेक्टरांत बऱ्याच जणांची रानं येतात. त्यामुळे माळाची मुरमाड पट्टी आणि ओढ्याकाठची काळी जमीन कसणाऱ्यांच्या हातात एकच आकडे पडू शकतात.