केसपेपरवर न मावलेली गोष्ट

मेडिसिनच्या वॉर्डात बारा नंबरच्या खाटेवर एक आजोबा होते. मधुमेह, पायाला चिघळलेली जखम, साखर चारशेच्या वर. केसपेपरवर एक ओळ होती, 'इन्सुलिन नियमित घेत नाही'. खाली सही माझी होती. डोस वाढवून आम्ही पुढच्या खाटेकडे वळलो होतो.

चार दिवसांनी एका इंटर्न मुलीने तिच्या वहीतलं एक पान मला वाचायला दिलं. आजोबांच्या घरी फ्रिज नाही. इन्सुलिनची बाटली शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये असायची. नळाच्या पाण्यावरून दोन्ही घरांचं भांडण झालं, बोलणं तुटलं आणि बाटली तिकडेच राहिली. "आता कोणत्या तोंडाने मागायला जाऊ, बाळ?" असं ते तिला म्हणाले. पानाच्या शेवटी तिने लिहिलं होतं: 'मी त्यांच्यावर तीन दिवस चिडत होते.'

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. रिटा शॅरन यांनी 1993 साली विद्यार्थ्यांना अशीच वही ठेवायला लावली. रुग्णाच्या अधिकृत कागदांना समांतर अशी ही वही, साध्या रोजच्या भाषेत लिहायची. शॅरन विद्यार्थ्यांना सांगत, समोरच्या रुग्णाला पाहून तुम्हाला त्याच आजाराने गेलेले तुमचे आजोबा आठवत असतील, तर ते केसपेपरवर लिहिता येणार नाही. पण कुठेतरी ते लिहिलं गेलंच पाहिजे. शॅरन स्वतः फिजिशियन, शिवाय इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट मिळवलेल्या. रुग्णाची गोष्ट ऐकून, समजून उपचार करण्याच्या या पद्धतीला त्यांनी 'नॅरेटिव्ह मेडिसिन' असं नाव दिलं. मराठीत कथनवैद्यक म्हणू या.

लिहिल्याने काय होतं? केसपेपरची भाषा माणसाला गाळून आजार शिल्लक ठेवते. निदानासाठी ते लागतंच, मी त्याच्या विरोधात नाही. पण गोष्ट सांगायला बसलं की 'मग काय झालं?' आणि 'असं का झालं?' हे प्रश्न टाळता येत नाहीत. त्या मुलीला लिहितानाच कळलं, की आजोबा सुई कधीपासून घेत नाहीत हे तिला ठाऊक आहे, का घेत नाहीत हे नाही. म्हणून ती परत खाटेपाशी गेली. आपण काय विचारलंच नाही, ते कागदावर मोकळी जागा होऊन दिसतं. स्वतःची चीडही दिसते, आणि एकदा दिसलेली चीड निर्णयात गुपचूप शिरत नाही.

वेळ कुठे आहे, असं प्रत्येक ओपीडीत ऐकू येतं. 1984 साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 74 भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत रुग्णाचं बोलणं तोडत होते. पुढे 2002 साली स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांनी मध्ये न बोलता नुसतं ऐकायचं ठरवलं, तेव्हा रुग्ण सरासरी 92 सेकंदांत आपलं सांगून थांबले. दीड मिनिट! आमच्या गर्दीच्या ओपीडीत दीड मिनिटही महाग आहे, हे रोज अनुभवतो. तरी एखाद्या रुग्णाला ते देता येतंच.

ऐकण्याचा परिणाम रक्तातही दिसतो का? फिलाडेल्फियात 29 डॉक्टर आणि त्यांचे 891 मधुमेही रुग्ण अभ्यासले गेले. सहानुभूतीच्या चाचणीत वरचे गुण मिळवणाऱ्या डॉक्टरांच्या 56 टक्के रुग्णांची तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात होती, खालचे गुण असणाऱ्यांच्या 40 टक्के. एवढ्यावरून सहानुभूतीनेच साखर उतरली असं म्हणता येत नाही. आणि वही लिहिण्यावरचे बरेचसे अभ्यास छोटे आहेत, त्यात रुग्णांपेक्षा विद्यार्थ्यांनाच जास्त मोजलेलं आहे. मला मात्र त्या एका पानाने जे दाखवलं, ते कुठल्याही तपासणीत आलं नसतं.

आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'एटकॉम' आलं. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा हा भाग, त्यात अनुभवावर चिंतन लिहायचं असतं. दुःख याचं, की बरीच पानं सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांची बघून भरली जातात. मुलांना दोष कसा देऊ? लिहिलेलं कुणी वाचणारच नसेल, तर मनापासून कोण लिहील? चार जणांनी बसून एकमेकांचं वाचावं, शिक्षकाने आपलंही पान वाचून दाखवावं, तरच ते जिवंत राहतं.

आजोबांना आम्ही दोन मडक्यांची पद्धत शिकवली. मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवायचं, मधल्या जागेत ओली वाळू. पाणी बाष्प होताना आतली उष्णता घेऊन जातं, बाटली गार राहते. त्यांनी लगेच विचारलं, "वाळू नदीची चालेल ना?"

डिस्चार्जच्या कागदावर त्या मुलीने लिहिलं, 'घरी फ्रिज नाही. मडक्यात बाटली ठेवायला शिकवलं.' त्याखाली मी सही केली.