नॅनोफायबरवर धातूचा थर आणि नॅनोफायबरवर धातूचे कण, हे एकच समजू नका

सिरॅमिक नॅनोफायबरवर (काहीशे नॅनोमीटर जाडीच्या सिरॅमिक धाग्यावर) प्लॅटिनमचं किंवा पॅलेडियमचं कोटिंग असं वाचलं की बहुतेकांना वाटतं धाग्याला चहूबाजूंनी धातूचा सलग थर दिलाय. पण कॅटॅलिस्टसाठी (रिअॅक्शनचा वेग वाढवणाऱ्या पदार्थासाठी) जे बनवतात त्यात बहुतेक वेळा असा थर नसतोच, काही नॅनोमीटरचे सुटे कण धाग्यावर बसवलेले असतात. काजूकतलीवरचा वर्ख आणि बाजरीच्या भाकरीवरचे तीळ, एवढा फरक आहे. तरी दोन्हीला सर्रास कोटेडच म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो.

धागा दोन्हीकडे तोच. अॅल्युमिनियमचा क्षार आणि पीव्हीपीसारखं पॉलिमर यांचं घट्टसर द्रावण सुईतून सोडून हाय व्होल्टेज लावायचं, धागे जमले की भट्टीत पॉलिमर जाळायचं, मागे अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) उरतो. हे इलेक्ट्रोस्पिनिंग. तंत्र जुनंच, पण 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या अॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांच्या ग्रुपने त्यात पुन्हा जीव आणला.

आता हिशोब करून बघा, कारण खरा फरक इथेच कळतो. 200 नॅनोमीटर जाडीचा भरीव, गुळगुळीत अॅल्युमिनाचा धागा धरला तर 1 ग्रॅम धाग्यांचा बाहेरचा पृष्ठभाग साधारण 5 चौरस मीटर येतो. त्यावर 10 नॅनोमीटरचा सलग प्लॅटिनम थर द्यायचा तर 1 ग्रॅमपेक्षा जास्त प्लॅटिनम लागेल, म्हणजे धाग्याच्या वजनापेक्षा धातूच जास्त! आणि रिअॅक्शन होते फक्त सगळ्यात वरच्या अणूंवर, खालचे चाळीसेक थर नुसते दबून राहतात. उलट वजनाच्या 1 टक्का प्लॅटिनम घेतलं तर ते सगळीकडे सारखं पसरूनही एका अणूइतका थर होत नाही, म्हणजे 1 टक्का लोडिंग लिहिलेलं असेल तर अशा धाग्यावर सलग कोटिंग शक्यच नाही, कण असणार. 2 नॅनोमीटरच्या कणांचा पृष्ठभाग दर ग्रॅम प्लॅटिनममागे 140 चौरस मीटरच्या आसपास जातो, त्या 10 नॅनोमीटरच्या थराचा जेमतेम 5. इतका महाग धातू आत गाडून ठेवायचा म्हणजे खरंच जिवावर येतं.

मग सलग थर कुणाला हवा? ज्याला वीज वाहून न्यायचीय त्याला. अॅल्युमिना इन्सुलेटर आहे, त्यामुळे इलेक्ट्रोड करायचा तर धातू एकमेकाला जोडलेला पाहिजे, सुटे कण तिथे कामाचे नाहीत. गॅसच्या रिअॅक्शनला मात्र ही अट नाही, तिथे सपोर्टचं (म्हणजे कण ज्यावर बसवलेत त्या धाग्याचं) मुख्य काम म्हणजे कणांना एकमेकांपासून लांब धरून ठेवणं, कारण तापमान वाढलं की छोटे कण एकत्र येऊन मोठे होतात आणि कॅटॅलिस्ट मंदावतो. गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पण अॅल्युमिनावर असेच कण असतात, फक्त तिथे फायबरऐवजी हनीकोंबवर (मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर) दिलेला वॉशकोट, म्हणजे अॅल्युमिनाचा सच्छिद्र लेप असतो.

बनवायची पद्धत वाचली तरी बराच अंदाज येतो. धातूच्या क्षाराच्या द्रावणात भिजवून, वाळवून, हायड्रोजनमध्ये रिड्यूस केलं (क्षाराचा पुन्हा धातू केला) असेल तर कण. इलेक्ट्रोलेस प्लेटिंग (वीज न लावता द्रावणातून धातू चढवणं) असेल तर बहुधा थर. स्पटरिंगमध्ये (धातूच्या तुकड्यातून अणू उडवून ते धाग्यावर बसवणं) पण थर मिळतो पण धातू समोरून येत असल्याने धाग्याची मागची बाजू बऱ्याचदा उघडीच राहते. अॅटॉमिक लेयर डिपॉझिशन (वायू आळीपाळीने सोडून सायकलमागून सायकल धातू चढवणं) या दोन्हींच्या मधलं आहे, नाव लेयर असलं तरी प्लॅटिनम सुरुवातीच्या सायकल्समध्ये बेटांसारखं उगवतं, सलग थर व्हायला बऱ्याच सायकल्स लागतात.

टीईएमचा (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) फोटो असेल तर काळे ठिपके दिसतात की धाग्याला अखंड काळी कड दिसते ते बघा. फोटो नसेल आणि धाग्यांची चटई हातात असेल तर साधा मल्टिमीटर लावा, वीज गेली तर धातू सलग जोडलेला आहे. पण हे गरम करण्याआधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासा, कारण पातळ थर सिरॅमिकवर तापवला की वितळायच्या बराच आधी फाटून त्याचे गोळे होतात, आणि ते त्या 2 नॅनोमीटरच्या कणांपेक्षा बरेच मोठे असतात.