कोकणातील पूर व पूरकाळातील दक्षता

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून अरबी समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांना पावसाळ्यात अचानक येणारा पूर आणि त्यात जीव वाचवण्यासाठी घ्यायची काळजी. देशावरची कृष्णा चढायला वेळ घेते, कोकणातल्या नदीला तेवढी सवड नसते. घाटमाथा ते समुद्र हे अंतर थोडे, उतार तीव्र, त्यामुळे माथ्यावर कोसळलेला पाऊस काही तासांत बाजारपेठेत शिरतो. गावात ऊन पडलेले असतानाही वहाळ (ओढा) फुगतो तो यामुळेच.

पुराची दुसरी बाजू समुद्राकडून येते. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी नदीचे तोंड अडवते आणि पुराला उतार मिळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हे अधिकच जाणवते. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. खाडीत आत असलेल्या गावी भरती त्याहून उशिरा पोचते. पावसाचा इशारा ऐकताना तिथीही पाहण्याची ही सवय प्रत्येक नदीकाठच्या घरात असायला हवी. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांनी चिपळूण बुडवले, तेव्हा आषाढी पौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्याच दिवसांत सावित्रीने महाड वेढले. खेडला जगबुडीचे, तर राजापूरला अर्जुना-कोदवलीचे पाणी येणे हे तिथल्या व्यापाऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे, आणि धोका नेमका त्यातच आहे. ‘दरवर्षीचेच पाणी’ म्हणून माणसे माल हलवत बसतात आणि परतीची वाट बुडते.

हवामान खाते २४ तासांत २०४.४ मिमीपेक्षा जास्त पावसाला अत्यंत मुसळधार म्हणते. तसा लाल इशारा आला, की म्हातारी माणसे, मुले आणि आजारी यांना उजेडी उंचावरच्या घरी पोचवावे. गुरांची दावी सोडावीत. औषधे, कागदपत्रे, विजेरी आणि पिण्याचे पाणी माळ्यावर न्यावे. पाणी उंबऱ्याला लागण्याआधी मेन स्विच बंद करावा. मदतीसाठी ११२, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हा क्रमांक आहे.

माणसे घरात अडकून दगावतात, तशीच पाणी ओलांडतानाही दगावतात. साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) किंवा रस्त्याखालच्या मोरीवरून पाणी वाहत असेल, तर पलीकडे कितीही महत्त्वाचे काम असो, अलीकडेच थांबावे. वाहते पाणी घोट्याच्या वर आले, की धडधाकट माणसाचाही तोल जातो. फूट-दोन फूट पाण्यात मोटार तरंगू लागते. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. अंधारात पुढचा पूल गेल्याचे चालकाला दिसणे शक्यच नव्हते. म्हणून अशा रात्री प्रवासच टाळावा.

धबधब्याखाली किंवा पऱ्यात (डोंगरातल्या ओढ्यात) उतरलेल्यांनी पाण्याचा रंग पाहत राहावे. नितळ पाणी एकाएकी लाल-गढूळ झाले, पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान तिथेच टाकून काठावर उंच चढावे. वर पाऊस जोरात असताना प्रवाह अचानक आटला, तरी निघावे. कुठेतरी वर ओंडक्या-मातीने तो तुंबलेला असू शकतो.

डोंगरपायथ्याच्या वाड्यांना पुराइतकाच दरडीचा घोर असतो. महाड तालुक्यात २००५ मध्ये जुई, दासगाव येथे आणि २०२१ मध्ये तळिये येथे वस्तीवर दरड आली. जमिनीला भेगा, कललेली झाडे, नवे झरे ही चिन्हे दिसली, तर रात्रीची वाट न पाहता वाडी रिकामी करावी.

पाणी ओसरल्यावर चिखल काढताना गमबूट घालावेत; भांड्यांच्या आडोशाला फुरसे, घोणस बसलेले असतात. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्याशिवाय पाणी वापरू नये, आणि पिण्याचे उकळूनच घ्यावे. पुराच्या पाण्यात वावरलेल्याला पुढील महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगावी, कारण तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो आणि त्यावरचे औषध लवकर सुरू व्हावे लागते.